एकाच विमानाच्या दोन खतावण्या

जगातले पहिले प्रवासी जेट विमान म्हणजे ब्रिटनच्या डी हॅविलंड कंपनीचे कॉमेट. २ मे १९५२ रोजी ते तिकीट काढलेले उतारू घेऊन लंडनहून जोहान्सबर्गला निघाले, आणि दोन वर्षे पुरी होण्याच्या आतच लागोपाठच्या अपघातांनी त्याला जमिनीवर बसवले. सुधारून परत आलेले कॉमेट ४ ऑक्टोबर १९५८ रोजी अटलांटिक ओलांडू लागले खरे, पण अवघ्या तीन आठवड्यांनी अमेरिकेचे बोइंग ७०७ त्याच मार्गावर उतरले. मोठ्या कंपन्यांनी कॉमेटकडे पाठ फिरवली आणि १९८० मध्ये एका ब्रिटिश कंपनीच्या ताफ्यातून शेवटचे कॉमेट बाहेर पडले. प्रवासी वाहतुकीच्या इतिहासात ही गोष्ट इथे संपते. हवाई दलांच्या इतिहासात मात्र ती पुढे चालूच राहते. कॉमेटच्याच आराखड्यातून घडवलेले निमरॉड हे टेहळणी विमान ब्रिटिश हवाई दलातून निवृत्त झाले ते २०११ च्या जूनमध्ये. पहिल्या तिकिटापासून मोजले तर हे घराणे एकोणसाठ वर्षे आकाशात होते, आणि त्यातला शेवटचा मोठा हिस्सा लष्करी गणवेशातला होता. कॉमेट यात एकटे नाही. ७०७, व्हीसी१०, कॅराव्हेल, टीयू-१०४ या पहिल्या पिढीतल्या जवळजवळ प्रत्येक जेटला असे दुसरे आयुष्य मिळाले. याचे नेहमीचे स्पष्टीकरण असे की विमान कंपन्यांनी टाकून दिलेला माल सरकारने स्वस्तात उचलला. मला ते अपुरे वाटते. माझ्या मते विमान कंपनी आणि हवाई दल एकाच विमानाचा हिशेब दोन वेगळ्या खतावण्यांत मांडतात, आणि एका खतावणीत मोडीत निघालेले यंत्र दुसरीत भर उमेदीत असू शकते.

आधी विमान कंपनीची खतावणी पाहू. तिच्यात शेवटी एकच आकडा महत्त्वाचा ठरतो: एक आसन एक किलोमीटर नेण्याचा खर्च किती? विमान जमिनीवर उभे असेल तर ते कर्जाचे व्याज खाते, म्हणून ते दिवसाला आठ-दहा तास, वर्षाला तीन-साडेतीन हजार तास उडालेच पाहिजे. या हिशेबात पहिल्या पिढीची जेट विमाने फार लवकर उताराला लागली. त्यांची इंजिने इंधन सढळ हाताने पीत. ७०७ ला चार इंजिने आणि ती सांभाळायला वैमानिकांच्या मागे एक फ्लाइट इंजिनियर. १९७० मध्ये ७४७ आले आणि एका फेरीत दुपटीहून अधिक उतारू नेऊ लागले. १९७३ च्या तेलसंकटाने इंधनाचे भाव कडाडले. आणि १९८५ पासून अमेरिकेने जुन्या, कर्कश इंजिनांच्या विमानांना आपल्या विमानतळांवर जवळजवळ बंदीच घातली. विमानाच्या पत्र्यात, रिव्हेटांत, पंखात काही बिघडलेले नव्हते. शेजारी दुसरे स्वस्त विमान उभे राहिले, एवढ्यानेच ते म्हातारे झाले.

हवाई दलाच्या खतावणीत तिकिटाचा रकानाच नसतो. हवेतल्या हवेत इंधन पुरवणारे टँकर विमान घ्या. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेची केसी-१३५ टँकर विमाने पोटभर इंधन घेऊन धावपट्टीच्या कडेला सज्ज उभी असत, वैमानिक शेजारच्या इमारतीत कपडे चढवून झोपत. आज्ञा येण्याची वाट पाहणे हेच त्यांचे काम होते. असे विमान वर्षाला काही शे तासच उडते. पण ज्या दिवशी उडेल त्या दिवशी ठरलेल्या बिंदूवर, ठरलेल्या मिनिटाला ते पोहोचले नाही तर त्याच्या भरवशावर निघालेला बॉम्बफेकी वैमानिक परत येत नाही. अशा विमानाने तासाला थोडे जास्त इंधन जाळले तर त्या हिशेबात काय फरक पडतो? वर्षातून इतके थोडे तास उडणाऱ्या विमानाच्या एकूण खर्चात इंधन हा मोठा भाग नसतोच. नवे विमान घेण्याची किंमत हा असतो. नवे विमान कितीही काटकसरी असले तरी त्या काटकसरीतून त्याची किंमत भरून यायला पुरेसे तास उडावे लागतात. कमी उडणाऱ्या ताफ्यात ती कधीच भरून येत नाही.

इथे धातूच्या थकव्याचा मुद्दा येतो, आणि तो समजून घेण्यासाठी कॉमेटच्या दुर्दैवाकडे परत जावे लागते. कॉमेट सुमारे ४०,००० फुटांवर उडे. तिथली हवा माणसाला जगू देत नाही, म्हणून केबिनमध्ये ८,००० फुटांवर असते तितकी हवा दाबून भरलेली असे. प्रत्येक उड्डाणात विमानाचे पिंप एकदा फुगे आणि उतरताना एकदा सैल पडे. पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ. तार वाकवून सरळ, वाकवून सरळ करत गेले की ती अचानक तुटते, तसे या पत्र्याचे झाले. १० जानेवारी १९५४ रोजी एक कॉमेट इटलीतल्या एल्बा बेटाजवळ समुद्रात कोसळले आणि ३५ जण गेले. ८ एप्रिलला दुसरे नेपल्सजवळच्या समुद्रात, त्यात २१. फार्नबरो इथल्या संशोधन संस्थेत आर्नल्ड हॉल यांच्या नेतृत्वाखाली एक अख्खे कॉमेट पाण्याच्या प्रचंड टाकीत बुडवून त्याच्या केबिनमध्ये पुन्हा पुन्हा दाब भरला आणि सोडला गेला. प्रत्यक्ष उड्डाणे आणि टाकीतल्या फेऱ्या मिळून ३,०५७ व्या वेळी ते फुटले. समुद्रतळातून काढलेल्या अवशेषांतही चीर सापडली ती छतावर अँटेनासाठी कापलेल्या झरोक्याच्या कोपऱ्यात. विमानाचे वय वर्षांत किंवा मैलांत मोजून भागत नाही, ते किती वेळा फुगले आणि सैल पडले यात मोजावे लागते, हा धडा जगाला कॉमेटच्या बळींनी दिला. त्याचीच दुसरी बाजू अशी की जे विमान कमी वेळा उडते त्याची कातडी तेवढीच तरुण राहते. वीस वर्षे प्रवासी सेवेत राबलेले ७०७ आणि वीस वर्षे बहुतांशी सज्ज उभे राहिलेले त्याचे लष्करी भावंड यांची जन्मतारीख एकच असेल, पण त्यांच्या पत्र्याचे वय एक नसते.

कॉमेटला हे दुसरे आयुष्य मिळाले ते अपघातांच्या छायेतच. कॅनडाच्या हवाई दलाने १९५३ मध्ये दोन कॉमेट घेतली होती. जेट वाहतूक विमान वापरणारे ते जगातले पहिले हवाई दल. १९५४ मध्ये तीही जमिनीवर आली. एखाद्या विमान कंपनीने एवढ्यावर हात झटकले असते. कॅनडाने ती कारखान्यात पाठवून मजबूत करून घेतली आणि १९५७ पासून पुन्हा वापरली. ब्रिटनमध्ये बीओएसी या सरकारी कंपनीसाठी कॉमेट २ तयार होत होती. चौकशीनंतर त्या कंपनीने त्यातले एकही प्रवासी सेवेत आणले नाही. जाड पत्रा आणि गोलसर खिडक्या लावून ती ब्रिटिश हवाई दलाकडे गेली, आणि १९५६ पासून लाइनम तळावरची २१६ वी स्क्वाड्रन ती चालवू लागली. पुढे १९६२ मध्ये तिला पाच कॉमेट ४ नवी कोरी मिळाली. १९७५ मध्ये हवाई दलाला ती नकोशी झाली तेव्हा ती विकत घेतली एका प्रवासी कंपनीने! म्हणजे प्रवाह नेहमी कंपनीकडून लष्कराकडेच वाहतो असेही नाही. कमी उडालेले, उत्तम राखलेले लष्करी विमान त्या कंपनीला सोन्यासारखे वाटले. टाकाऊ मालाची उपपत्ती इथे उलटी पडते. दोन खतावण्यांची मात्र टिकते.

यावर पहिला आक्षेप जाणकार वाचक घेईल तो ७०७ चा. हे विमान मुळात लष्करासाठीच जन्मले, मग ते लष्करात टिकले यात नवल काय? आक्षेपात तथ्य आहे. बोइंगने सुमारे १.६ कोटी डॉलर स्वतःच्या खिशातून घालून जे नमुना विमान बांधले ते १५ जुलै १९५४ रोजी उडाले, आणि त्याला पहिले गिऱ्हाईक मिळाले ते अमेरिकी हवाई दल. गरज खरोखर निकडीची होती. त्या वेळचे केसी-९७ टँकर पिस्टन इंजिनांचे. जेट बॉम्बफेकी विमानाला इंधन घेण्यासाठी खाली येऊन इतके मंद व्हावे लागे की ते कोसळण्याच्या बेतात येई, आणि टँकरला वेग राखण्यासाठी उतारावरून घसरावे तशी उंची सोडत जावे लागे. दोघे एका नळीने जोडलेले आणि दोघेही खाली चाललेले. जेट टँकरने हा प्रकार बंद केला. पण म्हणून केसी-१३५ म्हणजे ७०७ असे जे सर्रास लिहिले जाते ते चूक आहे. नमुना विमानाच्या धडाची रुंदी १३२ इंच होती. टँकरसाठी ती १४४ झाली. डग्लस कंपनीचे डीसी-८ स्पर्धेत उतरले आणि कंपन्या एका रांगेत सहा आसनांवर अडून बसल्या, तेव्हा ७०७ साठी बोइंगला पुन्हा खर्च करून ती १४८ करावी लागली. चार इंचांच्या या फरकामुळे दोन्ही विमानांचे धड, साचे, सुटे भाग वेगळे झाले. एका बापाची ही दोन लेकरे जन्मापासूनच वेगळ्या घरांत वाढली. समान जन्मामुळे समान आयुष्य मिळाले असते तर दोघे एकदमच म्हातारे व्हायला हवे होते. ७०७ प्रमुख कंपन्यांतून १९८० च्या दशकात नाहीसे झाले. ७३२ टँकरांपैकी शेवटचे १९६५ मध्ये तयार झाले आणि त्यातली शेकडो आजही उडत आहेत. सोव्हिएत टीयू-१०४ चेही तसेच: ते टीयू-१६ या बॉम्बफेकी विमानाचे पंख, शेपूट आणि इंजिने घेऊन जन्मले, १९५६ ते १९५८ या काळात जगातले एकमेव सेवेतले प्रवासी जेट ठरले, आणि तरीही १९७९ मध्ये एरोफ्लोटने ते बंद केले.

दोन खतावण्यांचा फरक सर्वांत स्पष्ट दिसतो तो १९८० च्या दशकातल्या एका व्यवहारात. नव्या ध्वनिनियमांमुळे अमेरिकी कंपन्यांना ७०७ विकायची घाई झाली होती. हवाई दलाने ती पुष्कळ संख्येने विकत घेतली, उडवण्यासाठी नव्हे. त्यांची इंजिने आणि शेपटीचे भाग काढून दीडशेहून अधिक केसी-१३५ ना बसवले. मूळ टँकरांची इंजिने त्याहून जुन्या जातीची. उड्डाणाच्या वेळी जोर वाढवण्यासाठी त्यांत पाणी फवारावे लागे आणि मागे काळ्या धुराचा लोट उठे. प्रवासी बाजाराने ज्या इंजिनांना उधळी आणि गोंगाटी म्हणून नाकारले होते, ती या ताफ्यासाठी मोठी सुधारणा ठरली. उरलेले सांगाडे ॲरिझोनाच्या वाळवंटात सुट्या भागांचे कोठार म्हणून उभे राहिले. मला हा व्यवहार अतिशय बोलका वाटतो, कारण विकणारा आणि घेणारा दोघेही आपापल्या जागी पूर्ण शहाणे होते. एकाच इंजिनाची किंमत दोघांनी वेगळी केली आणि दोघांचीही बरोबर होती.

टँकरला निदान धडात मोकळी जागा पुरते. उडत्या रडारकेंद्राची मागणी वेगळी असते, आणि ती पुरी करायला प्रवासी विमानाइतके योग्य दुसरे काही नव्हते. पृथ्वी गोल असल्याने जमिनीवरच्या रडारला खालून येणारे विमान अगदी जवळ आल्यावरच दिसते. तेच रडार नऊ किलोमीटर उंचीवर नेले की त्याचे क्षितिज जवळजवळ चारशे किलोमीटरपर्यंत सरकते. त्यासाठी हवे काय? तासन् तास त्या उंचीवर राहू शकणारे यंत्र, भरपूर वीज, आणि डझनभर माणसांना शर्टाच्या बाह्या दुमडून पडद्यासमोर बसता येईल अशी दाबयुक्त, उबदार जागा. लढाऊ विमानात यातले काही नसते. उतारूंसाठी बांधलेल्या केबिनमध्ये सगळे आयते असते; आसने काढायची आणि टेबले बसवायची. ७०७ च्या पाठीवर सुमारे नऊ मीटर व्यासाची फिरती तबकडी चढवून ई-३ विमान तयार झाले आणि १९७७ मध्ये सेवेत आले. नाटोची अशी १८ विमाने जर्मनीतल्या गाइलेनकिर्शेन तळावर राहत आणि त्यांची नोंदणी होती लक्झेंबर्ग या चिमुकल्या देशाच्या नावावर. ७०७ कोणतीही विमान कंपनी विकत घेत नव्हती तरी या लष्करी मागणीवर बोइंगने त्याचा कारखाना १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालू ठेवला. जपान उशिरा आला, तेव्हा साचे बंद झाले होते आणि त्याला तीच तबकडी ७६७ वर चढवावी लागली. जमिनीवरच्या रणगाड्यांची हालचाल टिपणाऱ्या ई-८ साठी तर हवाई दलाने जगभरची वापरलेली ७०७ गोळा करून ती पत्र्यापर्यंत उघडून नव्याने बांधली. स्वीडनने १९७१ मध्ये एसएएस कंपनीची दोन कॅराव्हेल घेऊन बाल्टिक समुद्रावर रेडिओ-संदेश टिपायला लावली आणि पाव शतकाहून अधिक काळ वापरली.

ब्रिटनच्या व्हीसी१० ची कथा माझ्या मुद्द्याला सर्वांत जवळची. आफ्रिकेतल्या नैरोबी-जोहान्सबर्गसारख्या उंचावरच्या, उष्ण विमानतळांवर हवा विरळ असते. तिथून पूर्ण भार घेऊन कमी धावपट्टीत उडता यावे म्हणून त्याची चारही इंजिने शेपटीजवळ नेली आणि पंख पूर्ण मोकळे ठेवले. उतारूंना ते फार आवडे. पण धावपट्ट्या लांबवल्या गेल्या, ७०७ तिथे पोहोचले, आणि दणकट बांध्याचे जादा वजन व्हीसी१० च्या प्रत्येक आसनाला महाग पडू लागले. बीओएसीने मागणी कमी केली; सगळी मिळून ५४ विमानेच बनली. त्यातली १४ हवाई दलाने सुरुवातीलाच घेतली. वाळवंटातल्या तोकड्या धावपट्टीवरून सैनिक न्यायचे असतील तर तेच जादा वजन, तेच जादा बळ गुण ठरते. ब्रिटिश एअरवेजने १९८१ मध्ये व्हीसी१० बंद केले, त्यानंतर तिची, गल्फ एअरची आणि बुडालेल्या ईस्ट आफ्रिकन एअरवेजची विमाने टँकर होऊन परत आकाशात गेली. शेवटचे व्हीसी१० उतरले सप्टेंबर २०१३ मध्ये. कंपनीने सोडल्यावर ते आणखी बत्तीस वर्षे उडाले.

राष्ट्रप्रमुखांच्या विमानांबद्दल थोडक्यात. डिसेंबर १९५९ मध्ये अध्यक्ष आयसेनहॉवर दिल्लीत पालम विमानतळावर उतरले ते अमेरिकी हवाई दलाच्या ७०७ मधून. एअर इंडियाची ७०७ मुंबईहून लंडनला जाऊ लागली ती त्यानंतर काही महिन्यांनी, १९६० मध्ये. एअर इंडियाचीही दोन ७०७ पुढे भारत सरकारच्या सेवेत गेली. भारतीय हवाई दलाकडे अतिमहत्त्वाच्या व्यक्तींसाठी तीन टीयू-१२४ होती, टीयू-१०४ ची लहान आवृत्ती. ४ नोव्हेंबर १९७७ च्या रात्री त्यातले एक जोरहाटजवळ कोसळले. पंतप्रधान मोरारजी देसाई वाचले, पुढच्या भागातले पाच हवाई कर्मचारी गेले. अशा विमानाचा दर आसनाचा खर्च कोणी काढत नाही, म्हणून इथे दुसरी खतावणी अगदी उघड दिसते. त्यावर अधिक लिहिण्यासारखे नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. मी टिकलेल्या विमानांचीच उदाहरणे देतो आहे, न टिकलेल्यांचे काय? कॉन्व्हेअर ८८० घ्या. ७०७ हून वेगवान, देखणे आणि लहान. फक्त ६५ बनली, निर्मात्याला प्रचंड तोटा झाला, आणि अमेरिकी नौदलाने चाचण्यांसाठी एक घेतले एवढेच. लष्कराला आसनाच्या खर्चाशी देणेघेणे नसते तर त्याने ही स्वस्त विमाने का उचलली नाहीत? उत्तर असे की त्या खतावणीत दुसरा एक रकाना आहे: पुढची तीस वर्षे सुटे भाग कोण देणार? ७०७ आणि त्याच्या भावंडांच्या हजारो जिवंत-मृत सांगाड्यांतून भाग मिळत राहिले. कॉमेट आणि व्हीसी१० संख्येने थोडी, पण निर्माता घरचा आणि सरकार पाठीशी. कॉन्व्हेअरकडे यातले काहीच नव्हते. तेव्हा माझा मुद्दा मी आखडून मांडतो: लष्करी आयुष्य लाभते ते ज्याची शिदोरी मागे आहे अशाच विमानाला.

शिदोरीचा रकाना राजकारणाने भरलेला असतो हेही कबूल केले पाहिजे. १९६५ मध्ये ब्रिटनच्या हॅरोल्ड विल्सन यांच्या सरकारने काही महागडे लष्करी विमानप्रकल्प रद्द केले आणि त्याच वेळी पाणबुड्या शोधण्यासाठी कॉमेटवर आधारित विमानाची घोषणा केली. कारखान्यांतले रोजगार डोळ्यांसमोर होते यात शंका नाही. तरी निमरॉड ही केवळ सोय होती असे म्हणता येत नाही. न विकलेल्या दोन कॉमेट ४सी पासून नमुने बनले. प्रवासी पिंपाखाली दुसरे लांबट पोट जोडून त्यात पाणतीर आणि पाणबुडीचा आवाज टिपणारे तरंगते सोनोबॉय ठेवले. शेपटीतून चुंबकीय फरक टिपणारा दांडा बाहेर काढला. इंजिने नव्या स्पे जातीची लावली. चारही इंजिनांवर ते शोधक्षेत्राकडे जेटच्या वेगाने धाव घेई, आणि तिथे पोहोचल्यावर वैमानिक एक-दोन इंजिने बंद करून समुद्रावर रेंगाळत राही. कॉमेटची इंजिने पंखाच्या मुळाशी, धडाला चिकटून असल्याने बाहेरची इंजिने बंद केली तरी विमान एका बाजूला ओढले जात नसे. प्रवासी बाजारात हीच रचना अडचणीची ठरली होती, कारण मोठ्या पंख्याचे नवे इंजिन त्या खोबणीत मावत नव्हते. १९६९ पासून चार दशके निमरॉडने उत्तर अटलांटिकवर सोव्हिएत पाणबुड्यांचा माग काढला आणि वादळात सापडलेल्या जहाजांवरच्या माणसांना वाचवायला मदत केली.

आणि तरीही याच निमरॉडमुळे माझ्या युक्तिवादातला सर्वांत दुखरा भाग मला टाळता येत नाही. २ सप्टेंबर २००६ रोजी एक्सव्ही२३० क्रमांकाच्या निमरॉडने अफगाणिस्तानात कंदाहारच्या परिसरात हवेत इंधन घेतले आणि काही मिनिटांत त्याला आग लागली. १४ जण गेले. सेवेत दाखल झालेले ते अगदी पहिले निमरॉड होते. चार्ल्स हॅडन-केव्ह यांचा चौकशी अहवाल २००९ मध्ये आला. मूळ आराखड्यात इंजिनातली गरम हवा नेणारी एक नळी होती; नंतर त्यात आणखी एक वातानुकूलन यंत्रणा जोडली गेली; १९८२ च्या फॉकलंड युद्धात घाईघाईने हवेत इंधन घेण्याची सोय बसवली गेली. प्रत्येक बदल वेगळा पाहिला तर त्या त्या वेळी गरजेचा होता. तिन्ही एकत्र आल्यावर सांडलेले इंधन तापलेल्या नळीपर्यंत पोहोचू शकेल अशी जागा तयार झाली आणि ती वर्षानुवर्षे कोणाच्या नजरेत आली नाही. सुरक्षेची कागदोपत्री तपासणी झाली होती, पण हे विमान तीस वर्षे नीट उडते आहे म्हणजे ते सुरक्षितच असणार, या समजुतीने ती पोखरली गेली होती, असे अहवालाने बजावले. टीयू-१०४ चा शेवटही असाच कडू. एरोफ्लोटने ते सोडल्यानंतर दोन वर्षांनी, ७ फेब्रुवारी १९८१ रोजी लेनिनग्राडजवळच्या पुश्किन तळावरून निघालेले सोव्हिएत नौदलाचे टीयू-१०४ उडताच कोसळले. पॅसिफिक ताफ्याच्या सेनापतींसह ५० जण ठार झाले. भार चुकीच्या जागी लादला होता. कंपनीच्या सेवेत उतारू, सामान आणि वजन यांचा ताळा प्रत्येक उड्डाणाला मांडला जातो. त्या दिवशी सेनाधिकाऱ्यांच्या विमानात ती शिस्त सैल पडली आणि त्या विमानाने ती चूक पोटात घातली नाही.

म्हणजे लष्करी खतावणीत तास कमी भरतात हे खरे, पण तास कमी म्हणजे वय कमी हा हिशेब अर्धाच आहे. उभ्या विमानाला थकवा येत नसला तरी गंज येतो, आणि केसी-१३५ च्या देखभालीत गंजाशी झुंज हा मोठा भाग होऊन बसला. त्याहून अवघड आहे ते ठिगळांचे वय. प्रवासी विमान बहुतेक जन्मले तसेच मरते. लष्करी विमानात दर दशकाला नवी नळी, नवी तार, नवे रडार घुसते आणि मूळ आराखडा समजणारे अभियंते एक एक करून निवृत्त होतात. हा रकाना भरण्याची पद्धत हवाई दलांनी उशिरा आणि मोठी किंमत मोजून शिकली. ब्रिटनने जुनी निमरॉड नवे पंख आणि नवी इंजिने लावून तरुण करण्याचा प्रयत्न केला तेव्हा हेच पुढे आले: १९६० च्या दशकातली धडे कारागिरांच्या हातांनी जुळवलेली, प्रत्येकाची मापे थोडी वेगळी, आणि संगणकावर आखलेले नवे पंख त्यांना जुळेनात. २१ विमानांची मागणी घसरत ९ वर आली, आणि २०१० मध्ये प्रकल्पच रद्द होऊन ती विमाने कापून टाकली गेली.

त्यांच्या जागी ब्रिटनने घेतली तीही नऊच विमाने, बोइंगची पी-८. तेही मुळात प्रवासी विमान, ७३७. भारतीय नौदलाची पी-८आय याच जातीची. पहिले २०१३ मध्ये तमिळनाडूतल्या अरक्कोणमला आले आणि २०२२ पासून त्यांची एक स्क्वाड्रन गोव्यात दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावरून अरबी समुद्रावर उडते. आत पाणबुड्यांचा माग काढणाऱ्यांची टेबले ओळीने मांडलेली आहेत. ज्या पिंपात ती मांडली आहेत त्याच्या वरच्या भागाची रुंदी ७०७ कडून जशीच्या तशी आलेली, १४८ इंच. ती ठरली तेव्हा प्रश्न एवढाच होता की एका रांगेत सहा उतारू कसे बसतील.